शालेय ग्रंथपालांचा जिल्हा संघ : नोंदणीपासून निवेदनापर्यंत

शाळेत गणिताचे तीन-चार शिक्षक असतात, मराठीचेही असतात. ग्रंथपाल एकटाच असतो, आणि अनेक शाळांत तोही अर्धवेळ. आधीच्या माणसाने एकच दाखल क्रमांक (नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) दोन पुस्तकांना दिलेला निघाला, लेखापरीक्षकाने हरवलेल्या पुस्तकांची वसुली काढली किंवा संचमान्यतेत, म्हणजे शाळेच्या मंजूर पदांच्या सरकारी यादीत, पदच दिसेनासं झालं, तर शाळेत विचारायला कुणी नसतं. मुख्याध्यापकांना या कामातले बारकावे ठाऊक असतीलच असं नाही आणि शिक्षणाधिकारी कार्यालयातल्या लिपिकाला एका ग्रंथपालाच्या अर्जासाठी वेगळा वेळ नसतो. हे एकटेपण घालवणं हे व्यावसायिक संघाचं पहिलं काम. मागण्या, मोर्चे, निवेदनं नंतर येतात, आणि ज्या संघाने वर्षभर सभासदांचं काम केलेलं असतं त्याच्याच निवेदनाला वजन येतं.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १९६७चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम सार्वजनिक ग्रंथालयांसाठी आहे. त्याची अंमलबजावणी करणारं ग्रंथालय संचालनालय उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे येतं. शाळेतलं ग्रंथालय मात्र शालेय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत. त्यामुळे गावातल्या ‘ब’ वर्ग वाचनालयाचे प्रश्न मांडायला राज्य, विभाग आणि जिल्हा अशा तीन पातळ्यांवर ग्रंथालय संघ आहेत, पण त्याच गावातल्या हायस्कूलचा ग्रंथपाल त्या रचनेच्या बाहेर राहतो. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या संघटनेत तो असतो खरा, पण तिथे लिपिक, शिपाई, प्रयोगशाळा परिचर यांची संख्या मोठी, ग्रंथपाल मोजके. म्हणून त्याचा विषय यादीत शेवटी जातो.

आधी जे आहे ते पाहा

नवा संघ काढण्याची घाई करू नका. जिल्ह्यात तीन ठिकाणी चौकशी करा. पहिलं, जिल्हा ग्रंथालय संघ. ग्रंथपालनाचे प्रमाणपत्र वर्ग चालवण्याचा अनुभव, तिथे शिकवणारी माणसं आणि बहुधा एक हॉल त्यांच्याकडे असतो. दुसरं, शिक्षकेतर कर्मचारी संघटनेची जिल्हा शाखा. वेतन, वैयक्तिक मान्यता (नेमणुकीला शिक्षण खात्याची मंजुरी), ज्येष्ठता यांच्या फायली कशा हलतात हे त्यांना पाठ असतं. तिसरं, राज्य किंवा विभाग पातळीवर ग्रंथपालांची एखादी नोंदणीकृत संघटना आहे का आणि तिची घटना जिल्हा शाखा काढू देते का. शाखा काढता येत असेल तर तीच काढा. स्वतंत्र नोंदणी म्हणजे दरवर्षीचा हिशेब, लेखापरीक्षण आणि धर्मादाय कार्यालयाच्या खेपा. पन्नास सभासदांच्या संघाला हा भार पेलतो, पंधरांच्या संघाला पेलत नाही.

संघाचं स्वरूपही इथेच ठरवा. वेतनश्रेणी आणि सेवाशर्तींसाठी लढायचं असेल तर कामगार संघटना म्हणून नोंदणीचा मार्ग आहे. प्रशिक्षण, सल्ला, वाचनाचे उपक्रम आणि ग्रंथालयाचा दर्जा हे मुख्य काम असेल तर १८६०च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली संस्था काढतात. शालेय ग्रंथपालांच्या बाबतीत दुसरा मार्ग अधिक टिकतो असं आमचं स्पष्ट मत आहे. सेवाविषयक लढ्यासाठी शिक्षकेतर संघटनेबरोबर राहता येतं, पण ग्रंथपालाला रोजच्या कामात लागणारी मदत दुसरी कुठलीही संघटना देत नाही.

मोजदाद : इथे हात आखडता घेऊ नका

जिल्ह्यात किती शाळांत ग्रंथपालाचं पद मंजूर आहे, किती भरलेलं आहे, किती ठिकाणी शिक्षकाकडेच किल्ली दिलेली आहे, हे ज्या संघाला सांगता येत नाही त्याच्या मागणीला अधिकारी एका वाक्यात उत्तर देतात : ‘माहिती मागवतो.’ म्हणून संघाचं पहिल्या सहामाहीतलं काम म्हणजे एक पानी प्रश्नावली. एका पानापेक्षा मोठा कागद भरून परत येत नाही. त्यात एवढंच विचारा : शाळेचा यू-डायस (शाळांची माहिती गोळा करणारी सरकारी प्रणाली) क्रमांक, इयत्ता कितवी ते कितवी, ३० सप्टेंबरची पटसंख्या, शेवटच्या संचमान्यतेत ग्रंथपालाचं पद (पूर्णवेळ, अर्धवेळ, नाही), पद भरलेलं की रिक्त आणि रिक्त असेल तर कधीपासून, दाखल नोंदवहीतला शेवटचा क्रमांक, प्रत्यक्ष पुस्तकं अंदाजे किती, गेल्या वर्षी किती रुपयांची पुस्तकं घेतली आणि पैसे कुठून आले, स्वतंत्र खोली आहे का, मुलांच्या वेळापत्रकात ग्रंथालयाची तासिका आहे का, संगणक आणि आज्ञावली (सॉफ्टवेअर) कोणती, पुस्तकांची शेवटची पडताळणी (नोंदवहीचा कपाटाशी ताळा) कोणत्या वर्षी झाली.

शेवटचा दाखल क्रमांक आणि प्रत्यक्ष पुस्तकं हे दोन आकडे मुद्दाम वेगळे विचारायचे. नोंदवहीत शेवटचा क्रमांक ६,४०० आणि कपाटात जेमतेम ३,०००, असं चित्र दिसलं की त्या शाळेला संघाची मदत सगळ्यात आधी लागणार हे कळतं.

या माहितीची यू-डायसशी तुलना केली की एक दुखणं हाती लागतं. यू-डायसच्या प्रपत्रात ग्रंथालय आहे का, पुस्तकं किती, पूर्णवेळ ग्रंथपाल आहे का, असे रकाने असतात. ते कार्यालयातला लिपिक किंवा एखादा शिक्षक भरतो. ग्रंथालयाची जबाबदारी असलेला शिक्षक दिसला की तो ‘पूर्णवेळ ग्रंथपाल : होय’ असं भरून टाकतो. कागदावर पद भरलेलं दिसतं आणि रिक्त पदाची मागणी तिथेच कोसळते. प्रत्येक सभासदाने प्रपत्र अंतिम होण्याआधी हा रकाना स्वतः पाहावा, हा संघाचा कायमचा नियम असू द्या.

ज्या शाळांकडून प्रश्नावली येत नाही त्यांच्यासाठी माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा. ‘सर्व शाळांतील ग्रंथालयांची सविस्तर माहिती द्यावी’ असं लिहिलं की ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी ‘सन अमुकच्या संचमान्यतेनुसार जिल्ह्यातील खाजगी अनुदानित माध्यमिक शाळांत ग्रंथपालाची मंजूर, कार्यरत व रिक्त पदे दर्शविणाऱ्या अभिलेखाची प्रत’ असं मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करायचं. ती तारीख अर्ज देतानाच वहीत लिहून ठेवा.

नोंदणी

संस्था नोंदणीसाठी किमान सात जण लागतात. अकरा घ्या, कारण बदल्या, निवृत्ती आणि आजारपण धरूनही गणपूर्ती होत राहते. सगळ्या तालुक्यांतून एकेक माणूस असावा. किमान दोघांच्या निवृत्तीला दहा वर्षांहून अधिक अवधी असावा आणि स्त्रियांना केवळ ‘सहसचिव’पदावर बसवू नये.

लागणारे कागद असे : संस्थेचं विधानपत्र, नियमावली, कार्यकारिणीची यादी, प्रत्येकाचं संमतीपत्र, नोंदणीचे व्यवहार करणाऱ्याच्या नावे अधिकारपत्र, कार्यालयाच्या पत्त्याचा पुरावा आणि जागा वापरू देण्याचं संमतीपत्र. नावाचे तीन पर्याय तयार ठेवा, कारण मिळतंजुळतं नाव आधीच नोंदलेलं निघालं तर अर्ज परत येतो. महाराष्ट्रात अशी संस्था १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंदवावी लागते. दोन्ही प्रमाणपत्रं हाती आल्याशिवाय नोंदणी पूर्ण झाली असं समजू नका.

नियमावली दुसऱ्या संस्थेची उचलून नाव बदलू नका. ग्रंथपालांच्या संघात हे मुद्दे स्वतःच्या हाताने लिहावे लागतात : अर्धवेळ ग्रंथपाल आणि ग्रंथालयाची जबाबदारी असलेला शिक्षक यांना मताचा हक्क आहे का, निवृत्त ग्रंथपाल कार्यकारिणीत किती असू शकतात, वर्गणी थकली तर सभासदत्व कधी संपतं, सभेची नोटीस किती दिवस आधी आणि कोणत्या मार्गाने द्यायची. नोटिशीच्या कलमात व्हॉट्सॲप व ई-मेलचा उल्लेख नसेल तर प्रत्येक वेळी टपालाच्या पावत्या सांभाळाव्या लागतील. अर्धवेळ ग्रंथपालांना मतदानापासून दूर ठेवणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. त्यांना पूर्णवेळ करून घेणं हीच जुनी मागणी असताना तीच माणसं सभेबाहेर बसवली तर संघ कुणासाठी, हा प्रश्न पहिल्याच सभेत उठतो.

निवडणूक झाली की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे नवे पदाधिकारी नोंदवून घेण्याचा अर्ज, दाखल करायचा. बहुतेक संघ इथेच अडखळतात. जुने पदाधिकारी जातात, नवे काम सुरू करतात आणि अर्ज राहून जातो. पुढे बँक सह्या बदलून द्यायला नकार देते, कारण दफ्तरी अजून जुनीच नावं असतात. अर्जासोबत सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, सहीनिशी हजेरी आणि सूचक-अनुमोदकांच्या नावांसह इतिवृत्त लागतं. नोटीस पोचल्याचा पुरावा नाही या एका कारणावरून बदल अर्ज अडकतात. सभा ज्या दिवशी झाली त्याच संध्याकाळी हे चार कागद एका पाकिटात घालायचे.

पैसा

वर्गणी थोडी ठेवा, पण ती वर्षात एकदाच आणि बँकेतच घ्या. खात्यावर दोघांच्या सह्या, त्यात एक कोषाध्यक्षाची. ३१ मार्चला हिशेब बंद करून लेखापरीक्षण करून घ्यायचं आणि ताळेबंद व जमाखर्च पत्रक धर्मादाय कार्यालयात वेळेत द्यायचं. प्रकाशकाकडून किंवा पुस्तक विक्रेत्याकडून कार्यशाळेसाठी मदत घेतली तर ती पावतीनेच घ्या आणि त्या वर्षीच्या खरेदी यादीशी तिचा संबंध येऊ देऊ नका. ग्रंथपालाची शिफारस विकत मिळते असा संशय एकदा आला की संघाची पत जाते.

वर्षभराचं काम

संघ जिवंत आहे की नाही हे इथे ठरतं. १२ ऑगस्टला, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीला, ग्रंथपाल दिन आणि १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतोच. पण हार, भाषण आणि फोटो यापलीकडे त्या दिवशी सभासदाच्या हातात काहीतरी पडायला हवं. चाळीस जणांच्या भाषणापेक्षा पंचवीस जणांची अर्ध्या दिवसाची कार्यशाळा बरी, आणि तीही एकाच कौशल्याची.

संगणकीकरणाचंच घ्या. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेची ई-ग्रंथालय आणि मुक्त स्रोत असलेली कोहा या दोन्ही आज्ञावल्यांसाठी परवाना शुल्क नाही. तरीही शाळांचं काम अडतं ते जुन्या नोंदींपाशी. पूर्वी कुणीतरी श्रीलिपी किंवा सुरेखसारख्या जुन्या फाँटमध्ये एक्सेलची यादी केलेली असते. पडद्यावर ती मराठी दिसते, पण आतला मजकूर युनिकोड नसतो. ती थेट नव्या आज्ञावलीत घातली की सगळी अक्षरं चिन्हांचा कचरा होऊन बसतात. आधी फाँट ओळखायचा, यादी युनिकोडमध्ये रूपांतरित करायची, मग पन्नास नोंदी डोळ्यांनी तपासायच्या. विशेष लक्ष रफार, जोडाक्षरं आणि ‘ऱ्य’कडे, कारण रूपांतरात हेच सर्वाधिक बिघडतात. मगच उरलेल्या यादीला हात घालायचा.

त्यानंतर लेखकांची नावं. एका शाळेत ‘कुसुमाग्रज’, दुसरीत ‘शिरवाडकर वि. वा.’, तिसरीत ‘वि.वा.शिरवाडकर’ अशी बिनअंतराची नोंद. मुलाने शोधलं तर तीन लेखक दिसतात. संघाने एकदा नावांची प्रमाण यादी केली आणि सामाईक फाईलमध्ये ठेवली की प्रत्येक शाळेचे कित्येक दिवस वाचतात. मराठी शाळांच्या ग्रंथालयांत बरीच पुस्तकं सारखीच असतात. त्यामुळे एका शाळेने नीट केलेली नोंद बाकीच्यांना फक्त दाखल क्रमांक बदलून वापरता येते. जिल्हा संघाने एवढं एक काम केलं तरी वर्गणी वसूल झाली समजा.

पडताळणी आणि निर्लेखन

एकट्या ग्रंथपालाला पाच हजार पुस्तकांची पडताळणी शाळा चालू असताना जमत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं होत नाही. संघाने तालुकानिहाय चौघांची तुकडी करावी आणि दिवाळी किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत आळीपाळीने एकमेकांच्या शाळेत जावं. दोघांची जोडी : एक कपाटातून पुस्तक काढून क्रमांक वाचतो, दुसरा नोंदवहीच्या छायाप्रतीवर खूण करतो. मूळ नोंदवहीवर पेन्सिलसुद्धा लावायची नाही. कपाटं बऱ्यापैकी लावलेली असतील तर एक जोडी दिवसाला हजारभर पुस्तकं पाहते. शेवटी तीन याद्या निघतात : न सापडलेली, फाटून निकामी झालेली आणि कपाटात आहेत पण नोंदीत नाहीत अशी. तिसरी यादी लोक टाळतात, पण देणगीत आलेली पुस्तकं बहुतेक तिथेच असतात.

यादी करण्याआधी मुलांकडे आणि शिक्षकांकडे असलेली पुस्तकं परत मागवा. शिक्षकांच्या नावावरची जुनी थकबाकी हा नाजूक विषय आहे. तो ग्रंथपालाने एकट्याने काढू नये, मुख्याध्यापकांच्या सहीचं परिपत्रक काढून घ्यावं.

हरवलेल्या पुस्तकांची सगळी किंमत ग्रंथपालाच्या पगारातून घ्या, असा शेरा लेखापरीक्षणात आला तर संघाचा सल्ला कामाला येतो. केंद्र सरकारच्या २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला २१५वा नियम इथे उपयोगी आहे. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण पडताळणी करावी, असं तो सांगतो. वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचनासाठी घेतलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची तूट वाजवी धरता येते, मात्र ती अप्रामाणिकपणामुळे किंवा निष्काळजीपणामुळे झालेली नसावी. एक हजार रुपयांहून महाग ग्रंथ आणि कोणत्याही किमतीचे दुर्मीळ ग्रंथ हरवले तर चौकशी करावीच लागते. हा हिशेब एकूण ग्रंथसंख्येवर मांडायचा नाही, देवघेवीवर मांडायचा. वर्षात १२,००० वेळा पुस्तकं दिली गेली असतील तर साठपर्यंतची तूट वाजवी. म्हणजे देवघेवीची नोंद नीट नसेल तर बचावाचा आधारच जातो. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, खाजगी शाळेवर तो थेट बंधनकारक नाही. तरी लेखापरीक्षकाला उत्तर देताना त्याचा उतारा जोडला तर ‘तूट म्हणजे अपहार’ हा समज खोडून काढता येतो.

निर्लेखनासाठी, म्हणजे पुस्तकं नोंदवहीतून रीतसर कमी करण्यासाठी, संघाने एक साचा तयार ठेवावा : पुस्तकांची यादी दाखल क्रमांक, किंमत आणि कारणासह, शाळेच्या समितीची शिफारस, व्यवस्थापनाचा ठराव, मग नोंदवहीत लाल शाईने ठराव क्रमांक व तारीख. ठरावाआधी रद्दीवाल्याला बोलावू नका.

सेवाविषयक मदत

खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी सेवाशर्तींचा १९७७चा अधिनियम आणि १९८१ची नियमावली आहे. प्रत्येक तालुक्यात एकाकडे तरी ही दोन्ही पुस्तकं, शिक्षकेतर आकृतिबंधाचे (कोणत्या शाळेला किती पदं हे ठरवणाऱ्या रचनेचे) शासन निर्णय आणि त्यांची दुरुस्तीपत्रकं छापील स्वरूपात असावीत. व्हॉट्सॲपवर फिरणारा शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावरच्या सांकेतांकाशी ताडून पाहिल्याशिवाय अर्जाला जोडू नये. बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनतीचा आदेश हाती पडला तर शाळा न्यायाधिकरणात अपिलासाठी तीस दिवस मिळतात. ‘संस्थाचालकांशी बोलून पाहू’ म्हणत हे दिवस निघून जातात. बोला जरूर, पण वकिलाकडे कागद दुसऱ्या आठवड्यात पोचलेले असू द्या.

सभासदांना सेवापुस्तकाची छायाप्रत दरवर्षी काढून घरी ठेवायला सांगा. नियुक्ती आदेश, वैयक्तिक मान्यता, अर्धवेळवरून पूर्णवेळ झाल्याचा आदेश आणि पात्रता प्रमाणपत्रं एकत्र असावीत. वेतन पडताळणीच्या वेळी यातला एखादा कागद नसला की निवृत्तिवेतन महिनोन्महिने लटकतं.

निवेदन

एका निवेदनात एकच मागणी, फार तर दोन. सतरा मागण्यांचं निवेदन कोणत्याच टेबलावर थांबत नाही, कारण त्यातल्या प्रत्येक मागणीचं टेबल वेगळं असतं. पदभरती आणि संचमान्यता शिक्षणाधिकाऱ्यांकडून उपसंचालक व संचालकांकडे जाते. आकृतिबंधातला बदल मंत्रालयाच्या पातळीवर होतो. ग्रंथालयाची तासिका वेळापत्रकात घालणं मात्र मुख्याध्यापकांच्या हातात आहे आणि त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही.

आधार नेमका द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं असलेलं ग्रंथालय असावं असं म्हटलं आहे. त्यात ग्रंथपालाच्या पदाचा उल्लेख नाही. म्हणून पुस्तकं आणि जागेसाठी हा आधार वापरा, पदासाठी आकृतिबंध. समग्र शिक्षा योजनेत शासकीय शाळांना स्तरानुसार ५,००० ते २०,००० रुपयांच्या ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. ते जिल्ह्यात कसं खर्च झालं हे विचारण्याचा आणि चांगल्या पुस्तकांची यादी सुचवण्याचा संघाला पूर्ण हक्क आहे. दर्जाबद्दल बोलताना इफ्ला या आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाची शालेय ग्रंथालयांसाठीची २०१५ची मार्गदर्शक तत्त्वं हाताशी ठेवा. प्रशिक्षित ग्रंथपाल ही त्यातली मध्यवर्ती अट आहे.

निवेदनाला मोजदादीचा एक पानी तक्ता जोडा, आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका, आणि पंधरा दिवसांनी त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्या. शिक्षक मतदारसंघातल्या आमदारांना प्रत देताना विधिमंडळ अधिवेशनाच्या तारखा पाहून आधीच द्या, म्हणजे प्रश्न तयार करायला वेळ मिळतो.

सचिव बदलताना

नव्या सचिवाच्या हाती यादी करून, दोघांच्या सह्यांनी हे द्यायचं : दोन्ही नोंदणी प्रमाणपत्रं, मंजूर नियमावली, धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीचा अद्ययावत उतारा, प्रलंबित बदल अर्जांच्या पोचपावत्या, इतिवृत्त वही, सभासद नोंदवही, पॅन, बँकेची पुस्तकं, मागच्या पाच वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, आवक-जावक वही, माहिती अधिकाराचे चालू अर्ज त्यांच्या अपिलाच्या तारखांसह, मोजदादीची फाईल, प्रमाण नावांची यादी आणि संघाच्या ई-मेलचा पासवर्ड. ई-मेल संघाच्या नावाने काढलेला असावा आणि त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक त्याच दिवशी बदलून घ्यावा, कारण ओटीपी जुन्या सचिवाच्या फोनवर जात राहिला तर बँक आणि धर्मादाय कार्यालयाचं पोर्टल दोन्ही बंद पडतात.